नुसते 'बुश बदला' म्हणून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या शेतीपानांवर अवजारांच्या निगराणीच्या सूचना येतात. ग्रीस भरा, नटबोल्ट आवळा, झिजलेले बुश बदला. बुश म्हणजे भोकात बसवलेली आणि जिच्यात पिन फिरते ती धातूची नळी. सूचना बरोबरच असतात. पण 'बुश बदला' या दोन शब्दांत जे काम दडले आहे ते नीट होत नाही, म्हणून मे महिन्यात बसवलेला बुश सोयाबीन निघायच्या आत पुन्हा खुळखुळू लागतो आणि दोष बुशच्या मालाला दिला जातो. माल वाईट असतोही कधी कधी. पण बहुतेक वेळा चुकलेले असते ते भोक. त्याबद्दल जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा नेहमीपेक्षा जास्त लागेल, ती द्यावी ही विनंती.

३२ मिमीचा ड्रिल ३२ मिमीचे भोक पाडत नाही. सगळ्या चुकांचे मूळ इथे आहे. ड्रिलचे टोक सुईसारखे नसते. तिथे एक छोटी आडवी धार असते आणि ती धातू कापण्याऐवजी रेटते. सुरुवातीला ड्रिल जागा शोधत थोडा भटकतो तो तिच्यामुळे. दुसरे कारण धार लावण्याचे. हाताने ग्राइंडरवर धार लावताना दोन धारांपैकी एक जराशी लांब राहते आणि टोक मधोमध न येता बाजूला सरकते. टोक ०.१ मिमी सरकले तर भोक साधारण ०.२ मिमी मोठे होते, म्हणजे सरकलेल्याच्या दुप्पट. ओळखायला सोपे आहे: मऊ पोलादात ड्रिल चालू असताना दोन्ही खाचांतून सारखा कीस वर आला पाहिजे. एकाच खाचेतून वेटोळे येत असेल तर एकच धार काम करते आहे, दुसरी नुसती फिरते आहे. याशिवाय ड्रिल धरणारा चक डगमगत असेल किंवा ड्रिलच्या मागच्या निमुळत्या दांड्यावर (टेपर शँकवर) कचरा बसला असेल, तर धार कितीही चांगली असो, भोक मोठेच येणार.

आता बुशला काय लागते ते पाहू. बाहेरून ३२ आणि आतून २५ मिमीचा, दाबून बसवायचा बुश घ्या. त्याच्या घराचे, म्हणजे तो बसतो त्या भोकाचे, माप एच७ (भोकाच्या मापातल्या सुटीची प्रमाणित श्रेणी) मध्ये ३२.००० ते ३२.०२५ मिमी आणि बुशचे बाहेरचे माप पी६ (बाहेरच्या मापाची तशीच श्रेणी) मध्ये ३२.०२६ ते ३२.०४२ मिमी. म्हणजे बुश घरापेक्षा कमीत कमी एक मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) आणि जास्तीत जास्त ४२ मायक्रॉन मोठा. या पकडीवरच तो घरात घट्ट राहतो. ड्रिलने पाडलेले घर जर ३२.१५ मिमी झाले असेल, तर बुश हाताने आत जातो. पकड शून्य. मग ट्रॅक्टर चालू लागला की पिन बुशमध्ये फिरायच्या ऐवजी बुशच घरात फिरतो, घर खातो आणि सहा महिन्यांत ते अंडाकृती करून ठेवतो. सुताच्या हिशेबाने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, विचार करणाऱ्या हाताला हा फरक दिसतच नाही. तो दिसावा म्हणून नीट मोजण्याची सवय लागते.

सैल बुशवर गावोगाव तीन उपाय चालतात: बाहेरून सेंटर पंचाचे डाग मारणे, घरात पत्र्याची पट्टी घालणे, किंवा कडेला वेल्डिंगचे दोन टाके मारणे. डाग मारलेला बुश फक्त त्या उचललेल्या टोकांवर टेकतो. पहिल्या आठवड्यात ती टोके चेपली की बुश पुन्हा सैल. पट्टी घातली की बुशचा मध्य एका बाजूला सरकतो. वेल्डिंगच्या उष्णतेने बुशचे आतले भोक आखडते, वाकडे होते आणि पुढच्या वेळी बुश काढताना घर फाटते. तात्पुरता उपाय म्हणून पेरणी चुकू नये यासाठी एखादा दिवस हे चालेल, आम्ही त्याला नाही म्हणत नाही. पण याला दुरुस्ती म्हणून पैसे घेऊ नयेत.

योग्य मार्ग रीमरचा आहे. ड्रिलने भोक जाणूनबुजून थोडे लहान ठेवायचे आणि शेवटचा पातळ थर रीमरने काढून मापाला आणायचे. रीमरला सहा, आठ किंवा जास्त धारा असतात. मशीन रीमर पुढच्या ४५ अंशांच्या उताराने कापतो, बाजूच्या कडा नुसत्या आधार देतात. त्यामुळे भोक गोल आणि गुळगुळीत होते. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: रीमर माप सुधारतो, जागा सुधारत नाही. ड्रिलचे भोक तिरके गेले असेल तर रीमरही निमूट त्याच तिरक्या वाटेने जातो. जागा किंवा सरळपणा हवा असेल तर आधी लेथवर बोरिंग टूलने भोक सरळ करावे आणि मगच रीमर घालावा.

३२ मिमीच्या घराचे काम असे. खुणेच्या जागी खडू किंवा मोरचुदाचे पाणी फासून रेघा मारा, ६० अंशांच्या पंचाने बारीक खूण करा, कंपासने भोकाएवढे वर्तुळ काढा. वर्तुळ जागेवर दिसले तरच ९० अंशांच्या सेंटर पंचाने खूण खोल करा. मग सेंटर ड्रिल. त्याचे आखूड, जाड अंग वाकत नाही, म्हणून सुरुवात जागेवर होते. त्यानंतर ५ ते ६ मिमीचे वाटाड्या भोक. हे मोठ्या ड्रिलच्या मधल्या आडव्या धारेपेक्षा जरासेच मोठे हवे. उगाच १२-१५ मिमीचे केले तर मोठ्या ड्रिलला मध्ये आधार उरत नाही, तो नुसत्या कोपऱ्यांवर चालतो, थरथरतो आणि भोक गोल न येता कोनदार येते. मशीनमध्ये ताकद असेल तर पुढे थेट ३१.५ मिमी. नसेल तर मध्ये १८-२० मिमीचा एक टप्पा घ्या. ३१.५ च्या ड्रिलने भोक साधारण ३१.६ मिमी येते आणि रीमरसाठी ०.४ मिमी उरते. एवढे पुरते. १२ मिमीच्या भोकाला ०.२ ते ०.३ मिमी पुरे. हाताने फिरवायच्या रीमरला मात्र ०.१ मिमीच्या आसपासच ठेवावे, नाहीतर माणूस दमतो आणि रीमर वाकडा जातो.

'कमी ठेवले म्हणजे जास्त बारीक काम' हा समज चुकीचा आहे. अगदी ०.०३ मिमी ठेवले तर रीमर कापत नाही, घासतो. घासून तो तापतो, त्याची धार जाते आणि भोकाला नुसती चमक येते. उलट १ मिमी ठेवले तर खाचा कीसाने भरून भिंती ओरबाडल्या जातात.

गती हा दुसरा मोठा घोटाळा. मऊ पोलादात हाय स्पीड स्टीलच्या ड्रिलला मिनिटाला २५ मीटरच्या आसपास गती चालते. या आकड्याला ३१८ ने गुणून मिमीतल्या व्यासाने भागले की मिनिटाच्या फेऱ्या येतात. ३१.५ च्या ड्रिलला साधारण २५०. रीमरला मात्र मिनिटाला ८ मीटरच धरायचे, म्हणजे ३२ मिमीच्या रीमरला ८० फेऱ्या. गती तिसऱ्या हिश्शावर, पण दाब ड्रिलपेक्षा दुप्पट: एका फेरीला ०.४ ते ०.५ मिमी तरी रीमर पुढे गेला पाहिजे. बहुतेक दुकानांत नेमके उलटे होते. गती ड्रिलचीच राहते आणि 'नाजूक काम' म्हणून दाब हलका ठेवला जातो. मग रीमर कर्कश ओरडतो, भोकात लाटा उठतात. असा आवाज आला तर गती कमी करा, दाब वाढवा.

आपल्याकडच्या छोट्या बेंच ड्रिलची सर्वात कमी गती बऱ्याचदा चार-पाचशे फेऱ्यांवर असते. अशा मशीनवर ३२ चा रीमर लावूच नये. लेथ असेल तर बॅक गियरमध्ये, म्हणजे कमी गतीच्या गियरमध्ये, घ्या. नसेल तर हात रीमर वापरा, त्यासाठी भोक आधी ३१.९ मिमीपर्यंत बोअर करून आणा. रीमर सरळ राहावा म्हणून ड्रिल मशीनचा उपयोग होतो: चकमध्ये टोकदार सेंटर धरा, ते रीमरच्या मागच्या बारीक खड्ड्यात टेकवा, मोटर बंद ठेवा, रीमर टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) पान्याने दोन्ही हातांनी फिरवा आणि मशीनचा दांडा हळूहळू खाली आणा. रीमर काटकोनातच उतरतो.

रीमर उलटा फिरवायचा नाही. आत जाताना उजवीकडे आणि बाहेर काढतानाही उजवीकडेच. टॅपची सवय असलेला हात अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालतो. रीमर मागे फिरवला की धारेच्या पाठीमागे कीस अडकतो, भोकाला ओरखडे पडतात आणि धार तुटते. वीज गेली तरी हाच नियम. शेतीच्या फीडरवरच्या दुकानांना हा प्रसंग नवा नाही: रीमर भोकात आणि लाइन गेली. अशा वेळी पट्ट्याची पुली हाताने पुढच्याच दिशेने फिरवत रीमर वर काढा. व्होल्टेज पडले असेल तर मोठे भोक सुरूच करू नका. व्होल्टेज १० टक्के उतरले की मोटरचा जोर जवळपास २० टक्क्यांनी घटतो, ड्रिल भोकात थांबतो आणि कोपरे जळतात.

पोलादावर तेल हवेच. पाण्यात मिसळायचे कटिंग ऑइल एकास दहा ते एकास वीस चालते. रीमरला नुसते कटिंग ऑइल जास्त चांगले. ते नसेल तर खायचे गोडेतेल चालेल, मात्र काम झाल्यावर पुसून टाका, ते चिकट होते. ट्रॅक्टरचे जळके ऑइल वापरू नका. त्यात काजळी आणि धातूचा बारीक चुरा असतो, तो भोक खरवडतो आणि कातडीलाही घातक आहे. बीड (ओतीव लोखंड) मात्र कोरडे कापावे. त्याचा भुगा तेलात कालवला की धार खाणारा लगदा तयार होतो. पितळही कोरडे चालते. ॲल्युमिनियमला रॉकेल.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण दुरुस्तीचा हंगाम आणि आपला उन्हाळा एकाच वेळी येतात. पोलादाची एक मीटर लांबी एका अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. २५ मिमीच्या भोकाचा भाग ड्रिलने ३० अंश जास्त तापला तर ते भोक जवळपास ९ मायक्रॉन मोठे मोजले जाते. या मापाला एच७ ची सगळी सूट २१ मायक्रॉन, म्हणजे त्यातली जवळपास निम्मी उष्णतेतच गेली. म्हणून ड्रिल झाल्यावर भाग हाताला थंड लागेपर्यंत थांबा, मग रीमर. उन्हात पडलेला हब आणि सावलीतला गेज एकमेकांना लावून पाहू नका. दोन्ही तासभर एकाच सावलीत ठेवले तर चाळीस अंशांच्या दुपारीही पोलादाचे पोलादाशी मोजमाप बरोबर येते.

मोजण्यासाठी व्हर्नियरवर विसंबू नये. त्याचा सर्वात बारीक टप्पाच ०.०२ मिमीचा आणि आतल्या जबड्यांना सपाट कड असते, त्यामुळे छोट्या भोकात माप प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. २१-२५ मायक्रॉनच्या सुटीसाठी प्लग गेज लागतो: एक टोक जाणारे, एक न जाणारे. नसेल तर लेथवर मायक्रोमीटरने मोजून ३२.०० आणि ३२.०२ मिमीचे दोन लोखंडी गुटके करून ठेवा. पहिला गेला पाहिजे, दुसरा अडला पाहिजे. एका दुपारचे काम आहे आणि वर्षानुवर्षे पुरते.

घर बरोबर झाले की बुश प्रेसने, किंवा नट-बोल्ट आणि जाड वायसर लावून ओढत सरळ बसवा. हातोडी मारू नका. तेलाचे भोक जुळले आहे ना, हे बसवण्याआधी पाहा. इथे आणखी एक पायरी राहून जाते. दाबून बसलेल्या बुशचे आतले भोक आखडते, जितकी पकड त्यातला मोठा वाटा आत उतरतो. त्यामुळे २५ मिमीची पिन जी बाहेर सहज गेली, ती आता जात नाही. मग पिन एमरी पेपरने घासली जाते. घासायची वस्तू पिन नव्हे. बुश आत थोडा कमी मापाचा घ्या आणि बसवल्यावर २५ एच७ च्या रीमरने, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी, मापाला आणा. पिन एफ७ ची, २४.९५९ ते २४.९८० मिमी असेल तर मध्ये २० ते ६२ मायक्रॉन जागा राहते. ग्रीसचा थर तिथेच बसतो.

ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलमध्ये स्पिंडलला (चाक वळवणाऱ्या उभ्या दांड्याला) वर-खाली दोन बुश असतात. आखूड रीमरने वरचा वरून आणि खालचा खालून कापला तर दोन्ही भोके आपापल्या जागी बरोबर, पण एका रेषेत नाहीत. स्पिंडल वरच्यात जाते, खालच्यात अडते. ती घासून बसवली की चाके हलू लागतात आणि स्टीअरिंग ओढते. इथे लांब दांड्याचा रीमर लागतो, ज्याचा पुढचा गुळगुळीत भाग एका बुशमध्ये आधार घेऊन दुसरा कापतो. ज्या दुकानाकडे तो नाही, त्याने हे काम घेऊ नये, पुढे पाठवावे. डिझेल इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या छोट्या बुशलाही हीच काळजी, फक्त तिथे चूक आणखी महाग पडते.

घर आधीच अंडाकृती झाले असेल तर रीमर ते गोल करू शकत नाही. लेथवर बोअर करून ३३ किंवा ३४ मिमी करा आणि त्या मापाचा नवा बुश वळवा. वेल्डिंगने भरून पुन्हा ड्रिल करण्याचा मोह टाळा, कारण कडक-मऊ जागांमुळे ड्रिल मऊ बाजूला सरकतो. बिडाच्या घराला तर वेल्डिंग लावूच नका. टाक्याशेजारचे बीड झटकन थंड होऊन पांढरे, काचेसारखे कडक होते आणि तिथे ड्रिल टिकत नाही.

पेरणी यंत्राच्या दांड्यावर स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) धरणारी टेपर पिन, म्हणजे निमुळती पिन, तुटली की खिळा किंवा वेल्डिंगची काडी ठोकली जाते. बी कमी-जास्त पडते त्याचे हे एक कारण, स्प्रॉकेट मागे-पुढे खेळत राहते. मेट्रिक टेपर पिनचा उतार ५० ला १ आणि तिचे माप बारीक टोकाचे असते. ६ मिमीची ५० मिमी लांब पिन जाड टोकाला ७ मिमी भरते. ड्रिल बारीक टोकाच्या मापाचा घ्या, मग १:५० चा टेपर रीमर थोडा थोडा घालत दर वेळी पिन टाकून पाहा. दर ०.०२ मिमी कापले की पिन १ मिमी खाली जाते, म्हणून शेवटी घाई नको. हाताने दाबून पिन तीन-चार मिमी वर राहिली की थांबा, उरलेले हातोडी बसवते.

सगळ्याच भोकांना हा सोपस्कार लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. नांगर, रोटाव्हेटर ट्रॅक्टरला जोडायच्या पिनांची भोके मुद्दाम सैल असतात, नाहीतर उताराच्या शेतात अवजार जोडताच येणार नाही. वखराच्या पाशीचे बोल्ट, ट्रॉलीचे पाटे, पत्र्याचे गार्ड यांना साधा ड्रिल पुरतो. शेतकऱ्याने तिथे रीमरचे पैसे देऊ नयेत.

आमच्या मागण्या छोट्या आहेत. तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नर हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालतात, तिथे रीमर आणि गेज असतात. आठवड्यातला एक दिवस परिसरातल्या दुकानदारांना आपले गुटके आणि मायक्रोमीटर तिथे तपासून घेऊ द्यावेत. गावच्या अवजार बँकांनी खरेदीच्या यादीत २०, २२, २५, २८, ३० आणि ३२ मिमीचे एच७ रीमर व त्यांचे प्लग गेज घालावेत. एकट्या दुकानाला जड जाणारा हा संच पाच-सहा गावांत मिळून सहज वापरता येतो. तो ड्रिलच्या डब्यात टाकू नये. प्रत्येक रीमर प्लास्टिकच्या नळीच्या तुकड्यात, पावसाळ्यात तेल लावून ठेवावा. एक धार जरी खरचटली तरी भोकाला रेघ उमटते. बोथट झाला तर बेंच ग्राइंडरला लावू नये, टूल ग्राइंडरवरच धार करून घ्यावी.

आणि शेतकरी बांधवांना एवढेच: बुश बसवून घेताना मिस्त्रीला विचारा, घर रीमरने केले का, बुश बसवल्यावर आतून रीमर फिरवला का, गेज लावून दाखवता का. आपल्या शेतीपानावर पुढच्या वेळी 'झिजलेले बुश बदला' ही ओळ येईल, तिच्याखाली हे तीन प्रश्न छापावेत ही विनंती.

आपले,
यवतमाळ जिल्ह्यातील लेथ व फिटिंगचे काम करणारे काही कारागीर